सत्तार मास्तर, तीन पायऱ्या आणि आमचा रॅम्प

किस्से काही ठरवून जमत नाहीत. दुकानातल्या धुळीसारखे जमतात. रोज झटका, संध्याकाळी परत आहेतच!

आमच्या शहागंजातल्या गल्लीत आम्ही तीन-चार दुकानदारांनी मिळून एक रॅम्प बसवला. व्हीलचेअर चढवायचा. एवढंसं काम! पण त्यातून इतके किस्से निघाले की आजही चहाला बसलो की कुणीतरी म्हणतंच, "भाऊ, ती फळीची गंमत सांगा की." मी सांगतो. लोक हसतात, मीही हसतो. पण खरं सांगू? ते सगळं चाललं होतं तेव्हा मी एकदाही मनापासून हसलो नव्हतो.

कारण सकाळी शटर वर केलं की समोर सत्तार मास्तरांचं दुकान दिसायचं, आणि त्यात मास्तर नसायचे.

माझं लग्नपत्रिकांचं दुकान, बरोबर समोर मास्तरांचं टेलरिंगचं. मधे चौदा फुटांची गल्ली. तीस वर्षं आमचं ठरलेलं, माझ्याकडून पत्रिका घेतली की नवरदेव रस्ता ओलांडून मास्तरांकडं माप द्यायला जाणार. शिवायचं काम नवाज कारागीर करायचा, पण माप आणि कटिंग मास्तरांचंच. गच्चीवरच्या टाकीचं झाकण लावताना पाय घसरला आणि मास्तर खाली पडले. मणक्याला मार बसला. हात शाबूत, डोकं शाबूत, कंबरेखाली काही नाही. दुकानाला तीन पायऱ्या. त्या पायऱ्या मी तीस वर्षांत कधी मोजल्यासुद्धा नव्हत्या.

* * *

पहिल्यांदा आम्ही मास्तरांना उचलूनच नेलं. थंडीचे दिवस. अंगावर, डोक्यावरून शाल. खुर्चीच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला अण्णा, मागं नवाज. अण्णा म्हणजे शेजारचे भांडेवाले. वजन हातात पेलेना, म्हणून आम्ही खुर्चीचा भार खांद्यावर घेतला. रिक्षापासून पायऱ्यांपर्यंत वीस पावलं.

तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारे गृहस्थ लगबगीनं आले. चप्पल काढली, टोपी सारखी केली, डोळे मिटले आणि नवाजच्या शेजारी घुसून त्यांनीही खांदा दिला! रस्त्यात दिसलं की चार पावलं तरी खांदा द्यायचा, ही आपल्याकडची रीत. म्हातारबाबांनी रीत पाळली.

शालीतून आवाज आला, "चाचा, मैं अभी हूँ."

म्हातारबाबा ज्या वेगानं पळाले, तो वेग मी त्या वयात कुणाचा बघितला नाही. गल्ली खो खो हसली. मास्तर हसले नाहीत. दुकानातही गेले नाहीत, तिथूनच घरी परत न्या म्हणाले. जाताना माझा हात धरून सांगितलं, "भाऊ, जीव हाय तवर कुणाचा खांदा नक्को. लग्नसराईच्या आत माझ्या हातानं चाक फिरवत आलो तर आलो. नाय तर दुकान नवाजला देऊन टाका."

दुसऱ्या दिवशी त्यांची बायको माझ्या दुकानात आली. भाभी कधी येत नाहीत. उभ्याउभ्याच म्हणाल्या, "दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडतेत. जेवत नाहीत. भाऊ, दुकान गेलं ना, तर हा माणूस बी गेला समजा."

झालं! त्या दिवसापासून माझं नाव गल्लीत 'काळजीवाहू सरकार' पडलं.

* * *

अण्णांचा स्वभाव असा, की प्रश्न पूर्ण व्हायच्या आत उत्तर तयार. "हे काय अवघड हाय? माझ्या जुन्या दुकानाच्या फळ्या पडल्यात माडीवर. सागवानी! हत्ती गेला तर वाकायच्या नायत."

फळी आली. रस्त्यावरून थेट ओट्याला टेकवली. मास्तरांची चाकाची खुर्ची घरून आणली, पण आधी कुणीतरी तिच्यात बसून बघायला हवं. मास्तरांना थेट चढवायचं माझ्या मनाला पटेना, म्हणून मीच बसलो. नवाजनं मागून ढकलायला सुरुवात केली.

निम्म्यात नवाजचा दम संपला. वर जाईना. खाली सोडावं तर मी सुटलोच! खालून सागवान कर्रर्र म्हणालं. मी दोन्ही मुठी आवळून आभाळाकडं बघत बसलो होतो, कारण त्या चढावर माझं तोंड आभाळाकडंच होतं.

अशा वेळी गिऱ्हाईक येतं. मागं कुणीतरी खाकरलं. "पत्रिकावाले भाऊ तुम्हीच ना? गणपतीचं चित्र असलेल्यात काय काय हाय?"

मी आभाळाकडं बघतच सांगितलं, "तीन प्रकार हायेत. उभा, बसलेला आणि पानावरचा."

"बसलेला द्या," तो म्हणाला. "पण तुमच्यासारखा घाबरलेला नको!"

* * *

मग मी दवाखान्यातल्या फिजिओथेरपीच्या मॅडमना गाठलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच नियम सांगितला, "काका, एक इंच उंचीला एक फूट लांबी. स्वतः चाक फिरवून चढायचं असेल तर यात तडजोड नको. तुमची उंची किती?"

मी म्हणालो, "पाच फूट चार."

"तुमची नाही हो, पायऱ्यांची!"

एकवीस इंच. म्हणजे एकवीस फूट लांब रॅम्प. मी गल्लीत येऊन सांगितलं. गल्ली चौदा फूट रुंद. मास्तरांच्या ओट्यावरून सरळ रॅम्प सोडला तर तो रस्ता ओलांडून, माझं शटर ओलांडून, सात फूट माझ्या दुकानात येणार होता.

अण्णांनी हिशोब केला आणि मांडीवर थाप मारली. "लई झ्याक! माप दिलं की घसरत थेट पत्रिका छापायला."

एकानं सुचवलं, पायऱ्या फोडा आणि तिथंच सिमेंटचा आखूड उतार करा. भाभींनी फोनवर मास्तरांना विचारलं. उत्तर आलं, "पायऱ्यांना हात लावू नका. गिऱ्हाइकांचे पाय शाबूत हायेत."

शेवटी तोडगा निघाला. दुकानाच्या बाजूला एक बोळ आहे. बोळाच्या टोकाला मोकळी जागा. तिथं खुर्ची वळवायची आणि भिंतीच्या कडेनं चढत चढत बाजूनं ओट्यावर यायचं. एकवीस फूट बरोबर बसत होते. बोळातली माणसं हो म्हणाली. मला त्या दिवशी पहिल्यांदा दोन घास जास्त गेले.

* * *

तोवर मास्तरांच्या हैदराबादच्या लेकीनं मोबाईलवरून एक घडीचा रॅम्प मागवला. अ‍ॅल्युमिनियमचा, सुटकेससारखा मिटणारा. लोखंडाचं काम व्हायला वेळ लागणार, तोवर हा चालतो का बघू, असं ठरलं. भाभी तो चादरीत गुंडाळून रिक्षातून घेऊन आल्या.

आधी बोळातल्या एका घराच्या पायरीला लावून बघितला. दिसायला फारच देखणा, आरशासारखा चकचकीत. नवाज खुर्चीत बसला, मी मागून धरली. पुढची चाकं चढली, मागची चढली आणि सगळं तसंच गुळगुळीत मागं आलं. पुन्हा चढवलं, पुन्हा मागं! तिसऱ्या वेळी मीच पाय घसरून गुडघ्यावर आपटलो. माझ्या डोक्यात एकच विचार, नवाजच्या जागी मास्तर असते तर?

मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, "अहो, असं होणार नाही. त्याच्यावर खरखरीत थर असतो, चाक धरून ठेवतो."

मी हात फिरवून बघितला. खरखरीत काहीच नव्हतं. नखानं कोपरा उचकटला तर वरची पारदर्शक पन्नी तशीच!

"भाभी, ही पन्नी काढली नाय?"

भाभी दचकल्याच. "कशाला काढायची? नवं हाय! खराब होईल ना."

आमच्या घरी टीव्हीच्या रिमोटवर चौदा वर्षांपासून पन्नी आहे, त्यामुळं मी पुढं बोललो नाही. पन्नी काढल्यावर रॅम्प उत्तम चालला. पण तो एका पायरीपुरताच. तो मास्तरांच्या घराच्या उंबऱ्याला लागला, आणि आमच्या तीन पायऱ्या तशाच राहिल्या.

* * *

लोखंडाचं काम मुकुंदवाडीच्या बबन वेल्डरला दिलं. त्याच्याकडं गेटांची गर्दी. तो म्हणाला, "माप घेऊन पाठवा, मी बनवून आणतो."

आता माप घ्यायचं म्हटल्यावर टेलरच्या दुकानात दुसऱ्या कुणाचं काय काम? नवाजनं गळ्यातला टेप काढला, कानावरची पेन्सिल घेतली आणि दहा मिनिटांत चिठ्ठी तयार. मी त्याला तीनदा विचारलं, "नीट घेतलं ना?" तो रागावला. "भाऊ, वीस साल हो गए इस काम में!"

पंधरा दिवसांनी टेम्पोतून रॅम्प आला. तीन तुकडे, खरखरीत पत्रा, बाजूला पाइपाचा कठडा. रुबाबदार! ओट्याला जिथं टेकायचा तिथं एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला विजेचा खांब, मधे चाळीस इंच. आणि रॅम्प त्रेचाळीस इंच. घुसेचना. सहा जणांनी रेटला तेव्हा फक्त खांब हलला आणि अर्ध्या गल्लीची वीज गेली!

बबननं खिशातून चिठ्ठी काढली. "त्रेचाळीसच लिहिलंय. माप कुणी घेतलं?"

"मी," नवाज म्हणाला. "चाळीसच भरलं. दोन्हीकडं दीड-दीड इंच दाब सोडला."

"दाब?" बबनला कळेना.

"शिलाईत आत दुमडायला सोडतो ना, तो."

"अरे बाबा, लोखंडाला दाब?"

नवाज अगदी गंभीरपणे म्हणाला, "जास्त राहिलेलं बरं असतं. कमी पडलं तर काय करता?"

रॅम्प परत मुकुंदवाडीला गेला. पोरं हसत होती, आणि मी कॅलेंडर बघत होतो. माझ्या दुकानात पत्रिकांची पहिली गिऱ्हाइकं यायला लागली होती. नवाजच्या हातची एक-दोन मापं चुकून कपडे परतही आले होते. मास्तरांना ते कळलं, आणि भाभी म्हणाल्या, त्या दिवशी त्यांनी चहासुद्धा घेतला नाही.

* * *

रॅम्प बसला. चाळीसला थोडा कमी, पक्का. सगळे म्हणाले, आणा मास्तरांना. मी म्हणालो, थांबा.

"आता काय राहिलं?" अण्णा वैतागले.

"वजन टाकून बघायचं."

भाभींना विचारलं, मास्तरांचं वजन अडुसष्ट किलो. नवाजनं चिंध्यांचं पोतं आणलं, पण चिंध्यांचं काय वजन होणार! शेवटी अण्णांनी छातीवर दगड ठेवून दुकानातलं पितळ दिलं. घागरी, पातेली, एक मोठा हंडा. अडुसष्ट किलो पितळ खुर्चीत दोरीनं बांधलं. नवाजनं निम्म्यापर्यंत नेलं. मी म्हणालो, "आता हात सोड, ब्रेक बघू."

त्यानं हात सोडले. ब्रेक कुणीच लावला नव्हता. मला वाटलं त्यानं लावला, त्याला वाटलं मी.

खुर्ची मागं सुटली. आठ-नऊ फूट खाली जाऊन चाक कठड्याखालून कडेबाहेर गेलं आणि खुर्ची उलटली. शहागंजात एवढा आवाज कशाचा झाला नसेल! घागरी बोळभर गडगडत गेल्या. अण्णा "माझा हंडा, माझा हंडा" करत मागं पळाले. बोळातल्या एका मावशीनं दार उघडून पायाशी आलेली घागर उचलली, फिरवून बघितली आणि म्हणाली, "अण्णा, पोचा आलेलं अर्ध्या भावात देता का?"

मी मात्र पायरीवर बसून राहिलो होतो. मला पितळ दिसत नव्हतं. मला मास्तरच बोळात पडलेले दिसत होते. बबनला तिथूनच फोन केला. दोन्ही कडांना तीन-तीन इंचांची उभी पट्टी मारून घेतली, चाक बाहेर जाऊच नये म्हणून. मग रोज सकाळी मी प्रत्येक बोल्ट हातानं हलवून बघायला लागलो.

चौथ्या दिवशी एका बोल्टासाठी फोन केला तर बबन म्हणाला, "भाऊ, लेकीला सासरी देताना बी मी एवढी चौकशी केली नव्हती!"

* * *

आणि मग मास्तर आले.

रिक्षातून खुर्चीत बसवलं तेवढाच हात लावू दिला. बोळाच्या टोकाला जाऊन वळले आणि स्वतः चाकं फिरवत चढायला लागले. मागं मी, नवाज, अण्णा, भाभी, सगळे हात पुढं करून. निम्म्यात थांबले. मान खाली. मी आणखी एक पाऊल पुढं सरकलो.

"हात खाली करा," मास्तर म्हणाले. "कोंबडी पकडायला आल्यासारखं काय करायलाव?"

आणि चढले. ओट्यावर आले, दुकानात गेले. कटिंगचा सराव त्यांनी घरीच केला होता, मांडीवर पाट ठेवून. त्यामुळं आम्हाला वाटलं, जिंकलो!

तासाभरात गिऱ्हाईक आलं. माझ्याकडूनच गेलेलं. दौलताबादचा नवरदेव, सव्वासहा फूट उंच, सोबत त्याची आई. लग्नासाठी जोधपुरी शिवायचा होता. मास्तरांनी टेप गळ्यातून काढला, हात वर केला. हात नवरदेवाच्या बरगडीपर्यंत पोचला. खांदे कुठल्या कुठं वर!

पाच महिने आम्ही पायऱ्यांचा विचार केला, उताराचा केला, पन्नीचा केला, बोल्टांचा केला. बसलेला माणूस उभ्या माणसाचं माप कसं घेणार, हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

नवरदेव भला पोरगा. तो वाकला. मास्तर म्हणाले, "नाय पाटील. वाकलेल्या माणसाचं माप वाकडंच येतं." तो गुडघ्यावर बसला, तर पाठ गोल झाली. नवाज हळूच पुढं सरकला. "मास्तर, मी घेतो ना." मास्तरांनी त्याच्याकडं बघितलं नाही. भाभी दारात उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. आणि नवरदेवाची आई पोराला हळूच म्हणाली, "चल बाळा, दुसरीकडं जाऊ. उगं कशाला त्यांना तरास?"

ते मास्तरांना ऐकू गेलं.

त्यांनी टेप गळ्यात टाकला, खुर्ची वळवली आणि दुकानातून बाहेर पडले. मला वाटलं, संपलं. हा माणूस आता रॅम्पवरून खाली जाणार आणि परत कधी येणार नाही. मी मागं धावलो.

पण मास्तर रॅम्पकडं वळलेच नाहीत. ओट्याच्या पुढच्या कडेला गेले, जिथून तीन पायऱ्या गल्लीत उतरतात. कडेपासून चार बोटांवर चाक थांबवलं. मी जाऊन मागून खुर्चीचे दांडे दोन्ही हातांनी घट्ट धरले.

"पाटील, बाहेर या," मास्तरांनी हाक मारली. "एक पायरी उतरा."

नवरदेव उतरला.

"अजून एक."

उतरला.

"लंबे हो मियाँ. अजून एक. हां, आता वळा माझ्याकडं. ताठ!"

गल्लीत उभ्या नवरदेवाचे खांदे मास्तरांच्या छातीसमोर आले होते. मास्तर पुढं वाकले, इतके की माझ्या हातांना कळ लागली.

"शोल्डर, साडेअठरा!" त्यांचा तो जुना, रस्त्यापलीकडं माझ्या गल्ल्यापर्यंत येणारा आवाज. आतून नवाजनं लिहून घेतलं. "छाती, एक्केचाळीस!" गल्ली थांबली होती. अण्णा हातात पातेलं घेऊन उभे. नवरदेवाची आई नवऱ्याला फोन लावून सांगत होती, "तुम्ही बी या, तुमचा कोट बी इथंच टाकू."

मास्तरांनी टेप नवरदेवाच्या गळ्याभोवती घेतला. बघितलं. सोडला. परत घेतला, मी दांडे आणखी मागं ओढले, परत सोडला. मग मागं न बघता म्हणाले,

"भाऊ, खुर्ची सोडा. माप हालायलंय."